पुण्याला निर्मला गेली

लखनौच्या ग्रुपवरच्या सगळ्यांना जय भीम. आज सकाळचं तुम्हालाच सांगते, घरी सांगायची लाज वाटते.

आपल्या महानगर भागातल्या दवाखान्यात फ्लूची लस घ्यायला गेले, तर शेजारच्या खुर्चीवर निर्मला. सत्तरच्या दशकात आम्ही दोघी इथल्या एका प्रयोगशाळेत टेक्निशियन होतो. तेव्हा फ्लूची जगभर साथ आली होती. रुग्णांच्या घशातला नमुना कोंबडीच्या अंड्यात टोचून विषाणू वाढवायचा, म्हणजे लस कोणत्या फ्लूवर हवी ते कळतं. हे शिकायला एकीलाच पुण्याला पाठवणार होते. मी सीनियर, त्यात मराठी. मी बॅगसुद्धा भरली होती. गेली निर्मला.

परत येऊन तिने सगळ्यांना अंडी टोचायला शिकवलं. मी मात्र "मला रजिस्टरचं काम आहे" म्हणत राहिले आणि निवृत्त होईपर्यंत नमुन्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या.

आज ती म्हणाली, "दीदी, मैंने तो सर से कहा था, आपको भेजें. बोले, वो पुणे गई तो लौटेगी नहीं."

म्हणजे तिचा दोष नव्हताच. तेवढ्यात नर्स तिला म्हणाली, "मैडम, आपने तो इसी पर काम किया था न?" सगळे तिच्याकडे बघायला लागले आणि माझ्या पोटात तेव्हासारखंच दुखलं.

निघताना तिने नंबर मागितला. फोन घरी राहिला, असं मी सांगितलं. तो पर्समध्येच होता.

काही चूक नसलेल्या माणसावर तुमच्यापैकी कुणी इतकी वर्षं जळलंय का? ते थांबवलंत कसं?