सहदेवमामांचं पान

सहदेवमामा परब मेलेल्यांच्या नावाने जेवायचे. ऐकायला कसंतरी वाटतं, पण कांदिवलीतल्या त्या टॉवरमध्ये कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं. टॉवर आत्ताचा, आधी तिथे चाळ होती आणि चाळ सगळी तळकोकणातल्या लोकांची. पितृपक्षात घरोघर म्हाळ. गेलेल्या माणसाच्या आवडीचं रांधायचं, एक पान कावळ्याला ठेवायचं आणि दुसऱ्या पानावर कुणाला तरी पितर म्हणून बसवायचं. तो जेवला की गेलेला माणूस जेवला. आणि बसायला मामांइतका हक्काचा माणूस दुसरा कोण मिळणार? गिरणी बंद पडल्यावर अंधेरीच्या एका ऑफिसात लिफ्ट चालवून रिटायर झालेले, बायको गेलेली, मूलबाळ नाही, आणि भूक अशी की बघणाऱ्याने दृष्ट काढावी.

पानात ते कण टाकायचे नाहीत. "पितराच्या पानात उरला, तर तो उपाशी गेलो," म्हणायचे. आणि शेवटी खीर असो की काही असो, त्यांना बोटभर गूळ लागायचाच. "वायच गूळ दी गो," एवढंच काय ते मागणं.

त्याच टॉवरमधली गंधाली कॉलेजात शिकणारी, आणि तिच्या डोक्यात एकच किडा: अन्न वाया जाता कामा नये. तिने आणि तिच्या मित्राने, सिद्धेशने, पोरापोरींचा एक ग्रुप जमवला होता. शनिवारी लग्नाच्या हॉलमधून उरलेलं जेवण उचलून वस्तीत पोचवायचं. रविवारी टॉवरचा ओला कचरा वेगळा करून त्याचं खत गच्चीवरच्या ड्रमांत घालायचं. त्या ड्रमांत अळू, माठ, दुधी असा काही माजला होता की सुरुवातीला नाकं मुरडणाऱ्या काकू आता पिशवी घेऊन वर यायच्या. ताटातलं येतं कुठून आणि जातं कुठे, हे त्या पोरांना पहिल्यांदाच कळत होतं, आणि कळलं ते गावभर सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हतं.

मामा रोज गच्चीवर येऊन ड्रमाशी उकिडवे बसायचे. एकदा मधेच म्हणाले, "गो चेडवा, सगळ्यांच्या पानार मी बसतंय. माझ्या पानार कोण बसतलो?"

"काहीही काय मामा! मी आहे ना," पाणी घालता घालता गंधाली बोलून गेली.

मामांनी मान वर करून तिच्याकडे नीट बघितलं. हसले नाहीत. "बोललंस हां. इसरा नको."

पितृपक्ष लागला आणि ओल्या कचऱ्यात अख्खेच्या अख्खे वडे यायला लागले. कारण सरळ होतं. कबुतरं नकोत म्हणून खिडक्यांना जाळ्या मारलेल्या, मग कावळा येणार कुठून? पान दुपारपर्यंत सुकायचं आणि गुपचूप डब्यात जायचं. गंधालीचं टाळकंच सरकलं. तिने आपलं धरून पाच घरांना पटवलं: सर्वपित्रीला गच्चीवर सगळ्यांचा एकच म्हाळ. स्वयंपाक एक, भाज्या ड्रमांतल्या, पान एक, मामा एकदाच बसतील. उरलेलं सगळं गरम गरम वस्तीत जाईल. बायकांनाही ते बरंच वाटलं. राबणं वाचत होतं.

सिद्धेश तेवढा चाचरला. "एका पानावर पाच जण? यार, जिवंत माणसंसुद्धा असं जेवत नाहीत."

"मेलेल्यांना काय कळतंय रे!"

मामांना विचारलं तेव्हा त्यांनी आधी ड्रमातलं एक पिकलं पान खुडलं. मग म्हणाले, "तुमी म्हणशात तसा."

सर्वपित्रीच्या दुपारी गच्चीवर वारा म्हणून नव्हता. पान वाढलं. पाच घरांनी आपापल्या माणसाचं नाव घेऊन हात जोडले. एरवी मामा बसले रे बसले की घास तोंडात. आज त्यांचा हात पानावर नुसता तरंगत राहिला. मग तो मांडीवर गेला आणि डावा हात पुढे आला. डाव्या हाताने त्यांनी भात कालवला. गावकरांची सून एकदम मागे सरली, कारण तिचे सासरे डावखुरे होते.

थोड्या वेळाने पुन्हा उजवा हात. आता बोटं सांबाऱ्यातला कढीपत्ता पान न् पान वेचून कडेला ओळीने मांडत होती. तसं दळवीकाकू करायच्या. त्यांचा मुलगा जागच्या जागी खाली बसला. कठड्यावर कावळे येऊन बसले होते, कधी आले कुणास ठाऊक. एकही ओरडत नव्हता, एकही खाली उतरत नव्हता. सगळे मामांकडे बघत होते.

"आणखी वाढ," मामा म्हणाले. सिद्धेशने वाढलं. "आणखी वाढ." आवाज मामांचाच, पण ढब दर वेळी निराळी. वस्तीसाठी काढून ठेवलेलं टोप रिकामं झालं, तरी हात थांबेना. सिद्धेशची पळी पातेल्याच्या काठावर खडखड वाजत होती.

शेवटी वड्याचा एक तुकडा राहिला. तो मामांनी उचलला आणि न बघता गंधालीपुढे धरला. तिचे आजोबा अगदी असाच शेवटचा घास तिच्या हातावर ठेवायचे. आई पाठीमागे "बाबा!" म्हणून हुंदका देऊन रडली.

पान लख्ख झालं. मामा भिंतीला धरून उठले. आता चेहरा त्यांचाच होता, खूप दमलेला. "सगळे जेवले," ते म्हणाले. "मी तेवढो जेवचो रवलंय."

गुळाची आठवण कुणालाच राहिली नव्हती. गंधाली धावत घरी जाऊन गूळ घेऊन आली, तोवर मामांनी दार लावून घेतलं होतं.

त्या दिवसापासून मामांची भूक गेली. गंधाली रोज डबा घेऊन जायची. ते चार घास चिवडून तो परत द्यायचे. "पोट भरलेला असा," म्हणायचे, "पण ता माझा न्हय." डॉक्टरांना काही सापडलं नाही. पौषात एके सकाळी ते उठलेच नाहीत.

पुन्हा पितृपक्ष आला. मामांच्या नावाचं पान गच्चीवर वाढायचं गंधालीने ठरवलं, पण बसणार कोण? आदल्या वर्षी गच्चीवर जे झालं ते टॉवरभर पसरलं होतं. कुणाची पाठ धरली होती, कुणाला ऐन त्याच दिवशी भांडुपला जायचं होतं. सिद्धेशनेसुद्धा नजर चुकवली. "सॉरी गं. माझ्याच्याने नाही होणार."

"मी बोलले होते त्यांना," गंधाली म्हणाली. "मीच बसते."

"पोरीची जात, आणि पितर म्हणून बसणार?" दळवींच्या घरातून आवाज आला. तिने लक्ष दिलं नाही. खरं तर ती आतून टरकली होती. पण आपण बेफिकिरीने बोलून गेलो, मामांनी ते खरं धरलं आणि आपण त्यांना उपाशी पाठवलं, हे वर्षभर तिच्या घशात अडकून होतं.

ड्रमातलं अळू, काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे, खीर. काळे वाटाणे तिला जन्मात आवडले नव्हते. पहिला घास तिने डोळे मिटून गिळला. दुसरा रडत रडत. पुढे मात्र तिला भूक लागली, अशी की कधी लागली नव्हती. खाली बघितलं तेव्हा पान पुसल्यासारखं साफ होतं.

"वायच गूळ दी गो," कुणीतरी म्हणालं.

गंधालीने वळून मागे बघितलं. मागे पाण्याची टाकी होती. बाकी सगळे तिच्याकडेच बघत होते. तिला मालवणी कळायची, पण बोलता एक शब्द यायचा नाही.

आईने या वेळी गुळाचा खडा आधीच पदराला बांधून आणला होता. तिने तो पानावर ठेवला, डोक्यावर पदर घेतला आणि हळूच विचारलं, "मामा, पोट भरलं ना?"

आई, मी आहे गं, असं गंधालीला सांगायचं होतं. तिने तोंड उघडलं.

"भरला," ती म्हणाली. "आता माझा भरला."