आपांचा शुक्रवार

नफीसाआपा गेल्याचं मला त्यांच्या मुलीनं, रुबीनानं, फोनवर सांगितलं. ती कुवेतमध्येच वाढली. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलते इंग्रजीत. श्रीवर्धनच्या घरी, दुपारी, झोपेत... एवढंच म्हणाली. खरं सांगायचं, तर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की चला, आपांना एकदाची विश्रांती मिळाली. वाईट वाटणं त्यानंतर आलं, सावकाश, आणि पाच आठवडे झाले तरी हललेलं नाही.

आमची ओळख नव्वदचं दशक संपता संपता झाली. ह्यांची तेल कंपनीत नोकरी, आम्ही कुवेतला, सलवा भागात राहायचो. मुलाला ताप होता म्हणून दवाखान्यात रांगेत उभी होते. पुढे एक ठेंगणी बाई खिडकीतल्या माणसाशी अरबीत हुज्जत घालत होती. शेजारी एक उंच इथिओपियन तरुणी, हात ओल्या टॉवेलात गुंडाळलेला. तिच्याकडे ओळखपत्र नव्हतं, म्हणून तो माणूस तिचं नाव लिहून घेईना. बाई मागे वळली आणि मराठीत स्वतःशीच पुटपुटली, "मेल्याला दिसत नाही काय, हात सोललाय तिचा." मला हसू आलं. "मराठी काय गो तू? गाडी आहे?" तिनं विचारलं. माझ्याकडे गाडीही होती आणि लायसन्सही. पुढची नऊ वर्षं शुक्रवारी मी आपांची ड्रायव्हर होते.

जायचं असायचं बनेद अल-गारला, एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. काही इथिओपियन बायकांनी मिळून तिथे दोन खोल्या घेतल्या होत्या. घरकामाच्या नोकरीतून पळून आलेल्या, आजारी पडलेल्या, परत जायचे कागद कधी होतात याची वाट पाहणाऱ्या अशा बायका तिथे येऊन राहायच्या. कधी सहा, कधी चौदा. मला सोडलं, तर त्यांच्यात बाहेरच्या म्हणाव्यात अशा आपा एकट्याच. आपांच्या नवऱ्याचं शुवैखला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं, त्यामुळे कुठल्या कचेरीत कोण भेटतो, कुठला फॉर्म कुठे मिळतो, हे आपांना माहीत असे. पण तिथलं बरंचसं काम कागदाचं नव्हतंच. कुणाच्या डोक्याला तेल लाव, कुणाला डॉक्टरकडे ने, दोघींचं न्हाणीघरावरून भांडण झालं तर मध्ये बस. त्या बायका आंबवलेल्या पिठाच्या मोठाल्या जाळीदार भाकऱ्या करायच्या. आपांनी पहिला घास खाल्ला आणि म्हणाल्या, "ही तर आपली आंबोळीच. जरा जास्तच आंबट." मग पीठ कालवायला त्यांच्यासोबत बसल्या त्या कायमच्याच.

आपा हसतमुखानं सेवा करणाऱ्यांपैकी नव्हत्या. चिडायच्या. तीच गोष्ट चौथ्यांदा विचारली की डाव आपटायच्या. परतताना गाडीत डोळे मिटून घ्यायच्या, पाय सुजलेले, चपला काढून ठेवलेल्या. "थकले गो बाय. आता पुढच्या शुक्रवारी नाही जायची. कुणाचं काही संपतच नाही." मी बरं म्हणायचे. पुढच्या शुक्रवारी मी फोन करायच्या आधी त्या खाली, त्यांच्या इमारतीच्या फाटकाशी उभ्या असायच्या.

आता जे लिहायचं टाळत आले, ते लिहिते. आमच्या घरीही अबेबा नावाची एक इथिओपियन बाई कामाला होती. एकदा आपा चहाला आल्या. अबेबा कप ठेवून आत गेल्यावर त्यांनी विचारलं, "हिचा पासपोर्ट कुणाकडे?"

"ह्यांच्या कपाटात. हरवायला नको म्हणून."

"आणि ह्यांचा?"

"कंपनीकडे."

"ह्यांना आवडतं ते?"

ह्यांना अजिबात आवडत नसे. महिन्यातून एकदा तरी त्यावरून ते जेवताना बडबडत. संध्याकाळी मी विषय काढला, तर म्हणाले, "बघू." मीही पुन्हा काढला नाही. घर चालू होतं.

दोन महिन्यांनी अबेबाची आई आजारी असल्याचं कळलं. तिनं जायचं विचारलं. मुलाची परीक्षा तोंडावर होती. मी म्हटलं, "तीन आठवडे थांब, मग जा." ती "बरं मॅडम" म्हणाली आणि भांडी घासायला वळली. परीक्षेचे दोन पेपर राहिले असताना तिची आई गेली.

मी आपांना फोन केला. त्या टॅक्सीनं आल्या, माझ्याशी न बोलता स्वयंपाकघरात गेल्या आणि फरशीवर अबेबाजवळ बसून राहिल्या. दुपारभर. मी कपाटातून पासपोर्ट काढून तिच्या हातात दिला, तेव्हा दोघींपैकी कुणीच माझ्याकडे पाहिलं नाही. अबेबा मायदेशी गेली, परत आली नाही. आपा मात्र शुक्रवारी फाटकाशी उभ्या होत्या. मला त्यांनी कधीही एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला, दुकान विकलं गेलं, आणि आपा श्रीवर्धनला परतल्या. आम्ही पुण्याला.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन आले. रुबीना सामान आवरत होती. आपांच्या खोलीत पलंगाशेजारी अजून जुना लँडलाइन आहे, खुर्चीवर उशी, बसून बसून दबलेली. "शुक्रवारी वाजतो," रुबीना इंग्रजीत म्हणाली, "तिकडच्या त्या बायका. मला त्यांचं बोलणं कळत नाही. तू घे."

तो शुक्रवारच होता. चारच्या सुमारास वाजला. मला वाटलं, अबेबाच असेल. नव्हती. कुणी दुसरीच, लांबून, आवाज तुटत येणारा. "आपा?" मी कुवेतच्या स्वयंपाकघरांत सगळ्या देशांच्या बायका बोलतात त्या मोडक्या अरबीत सांगितलं, "आपा माफी." तिथे 'माफी' म्हणजे नाही; पीठ संपलं तरी माफी, माणूस संपलं तरी माफी. मग ती रडली. मी खुर्चीत बसले आणि फोन कानाशी धरून ठेवला. रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि विचारलं, मी कोण, मी जेवले का.

मी नाव सांगितलं. म्हटलं, अजून नाही.