गेटवरच्या मामांची नजर

पुंडलिकनगरातल्या आमच्या सोसायटीच्या गेटवरचे मामा पूर्वी फौजेत स्नायपर होते. खुर्चीत ते इतके निश्चल बसतात की चिमणी टोपीवर येऊन टेकते. बाल्कनीतल्या वाळत्या साड्या बघून वाऱ्याचा वेग सांगतात. तो कुणी विचारलेला नसतो.

"दोन-दोन दिवस झुडपात पडून कंटाळा नाही यायचा?" मी एकदा विचारलं.

"कशाचा कंटाळा? दुर्बिणीत समोरचा माणूस दिसतो ना. हसतो, चहा करतो, साखर किती घालतो तेबी कळतं. लई ओळख होऊन जाती."

"मग?"

"मग हळू श्वास सोडायचा अन् चाप ओढायचा."

काल त्यांनी मला थांबवलं. मायेनं म्हणाले, "साहेब, तीन चमचे साखर लई होती."

मी पाचव्या मजल्यावर राहतो.