आग्नेयेला ओटा असलेला ट्रेलर

ती घटना आठवली की मला आधी माझी पाठ आठवते आणि मग फिर्याद. कारण त्या प्रकरणाची उकल सुरू झाली तेव्हा मी पोलीस स्टेशनच्या आवारात उताणा पडलेलो होतो.

झालं असं. अपघातातला एक ट्रेलर क्रेनने आणून आमच्या आवारात उभा केला होता. ट्रेलर म्हणजे मालवाहू नव्हे, चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, न्हाणी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. मोटारीच्या मागे जोडायचं आणि सहकुटुंब हिंडायचं. खाली दोनच चाकं, साधारण मधोमध, आणि पुढचं निमुळतं नाक एका लोखंडी टेकूवर टेकवलेलं. मी सकाळपासून उन्हात उभा राहून पंचनामा उरकला. चहा आला. ट्रेलरच्या मागच्या दाराखाली छान रुंद पायरी होती. तिच्यावर बसलो.

माझं वजन पोलीस खात्याला तेव्हाही मान्य नव्हतं. ट्रेलरचं नाक सावकाश आकाशाकडे गेलं, पायरी जमिनीकडे आली आणि मी चहासकट पाठीवर. आमचे हवालदार धावत आले. "साहेब, लागलं का?" असं विचारताना त्यांचे खांदे हलत होते. लॉकअपमधल्या एका पाकीटमाराने गजाआडून "च् च्" केलं. घरी काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण वर्तकनगरच्या पोलीस वसाहतीत बातमी माझ्या आधी पोचली. बायकोने दार उघडलं तेच तेलाची वाटी हातात घेऊन.

आता मूळ प्रकरण सांगतो.

ट्रेलरचे मालक नौपाड्यात वाढलेले, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाळकुमच्या एका मोठ्या संकुलात राहायला आलेले गृहस्थ. स्वभाव सज्जन, हौस दांडगी. कल्याणजवळच्या एका वर्कशॉपमधून त्यांनी हे घर बनवून घेतलं. पण संकुलात ते उभं करायला परवानगी मिळेना. मग त्यांनी ते मागच्या जुन्या कोळीवाड्यातल्या मोकळ्या जागेत लावलं. त्या जागेसमोर एक कोळी कुटुंब राहायचं, आई आणि तिशीतला मुलगा. पिढ्यान्‌पिढ्या ते तिथे जाळी वाळवत. तेव्हा भांडण व्हायचं होतं, ते झालं. अगदी गल्ली गोळा होऊन झालं.

पुढच्याच आठवड्यात मालक बायकोला घेऊन माळशेजच्या पहिल्या सफरीला निघाले. आपल्या छोट्या मोटारीमागे ट्रेलर आदल्या रात्रीच जोडून ठेवला होता. माजिवड्याच्या पुलावरून उतरताना ट्रेलर डावी-उजवीकडे झोके खाऊ लागला, हुकातून सुटला आणि दुभाजकाला जाऊन भिडला. मोटार गरकन फिरली. मालकांचं मनगट मोडलं, बाईंच्या कपाळाला टेंगूळ आलं. मागून कुणी येत नव्हतं म्हणून तेवढ्यावर निभावलं.

त्याच दुपारी स्टेशनला निनावी फोन आला.

"साहेब, ट्रेलरची पिन कोळ्याने काढली. पहाटे हुकाशी वाकलेला मी बघितलाय त्याला."

"आपलं नाव?"

"नाव कशाला? जागरूक नागरिक समजा."

जागरूक नागरिकाने फोन ठेवला. इकडे मालकांनीही जबाबात त्याच शेजाऱ्यावर संशय घेतला. हुक म्हणजे असं : मोटारीच्या मागे लोखंडी गोळा असतो, त्यावर ट्रेलरची वाटी बसते आणि ती उघडू नये म्हणून आडवी पिन घालतात. त्या पिनेची साखळी खरंच रिकामी लोंबत होती. माणूस, भांडण, संधी, सगळं जुळलं. इतकं पटकन जुळलं की मला बरं वाटायला लागलं. आमच्या धंद्यात ते लक्षण वाईट.

कोळ्याला चौकशीला बोलावलं.

"पहाटे ट्रेलरपाशी काय करत होतास?"

"उभा होतो."

"वाकून?"

"वाकून उभा होतो."

"अरे, वाकून कोण उभं राहतं? पिन काढलीस?"

"नाय."

"मग काय केलंस?"

तो खुर्चीच्या हातावर नख घासत राहिला. शेवटी म्हणाला, "साहेब, तुमाला काय लिवायचा ते लिवा."

खोटं बोलणारा माणूस सहसा भरपूर बोलतो. त्याच्याकडे गोष्ट तयार असते आणि ती सांगायची घाई असते. हा नुसता लाजल्यासारखा खाली बघत होता. आणि मला एक गोष्ट माहीत होती, ती त्यालाही माहीत होती. त्याला जहाजावर खलाशी म्हणून काम मिळालं होतं. बरीच वर्षं तो त्या कामाच्या मागे होता. त्याच्या चारित्र्य पडताळणीचे कागद माझ्याच टेबलावर सहीसाठी पडलेले होते. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला असता तर जहाज त्याच्याविना जाणार होतं. तरीही तो तोंड उघडेना.

तर माझ्या पडण्याकडे परत येऊ. पाठ शेकत मी विचार करत होतो, एवढं मोठं धूड माझ्या एकट्याच्या वजनाने उलटलंच कसं? बायको म्हणाली, "वजन एकट्याचं असलं तरी..." मी वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणीला मोटार वाहन निरीक्षक आल्या. डोंबिवलीच्या बाई, बोलणं फटकळ. मी भीतभीत माझी हकीकत सांगितली. त्या हसल्या नाहीत. हवालदारांना म्हणाल्या, "नाक उचला बघू." हवालदारांनी एका हाताने उचललं.

"घ्या," बाई म्हणाल्या. "हे एका माणसाला असं उचलता येता कामा नये. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा तरी नाकावर यायला हवा. हा सगळा मागे जड आहे. बैलगाडीला जुनी माणसं उलाळ म्हणायची ना, तसा. मागे जड झालेला ट्रेलर वेग वाढला की झोके घेतो. आणि ओढणारी गाडी त्याच्याहून हलकी असेल तर तो नेईल तिकडे तिला जावं लागतं."

मनगट गळ्यात अडकवून मालक तिथेच उभे होते. म्हणाले, "पण मॅडम, बाळकुमच्या गल्लीत तर छान ओढत होती गाडी!"

"ओढायला बैलसुद्धा ओढतो हो. उतारावर आवरायचं कुणी? तुमची गाडी किती ओझं ओढू शकते, हे तिच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. वाचलंत?"

मालकांनी पडद्यांकडे बघितलं.

बाईंनी आत जाऊन सगळं पाहिलं. मागच्या डाव्या कोपऱ्यात ग्रॅनाइटचा ओटा, खाली गॅसची टाकी. मागच्या उजव्या कोपऱ्यात काठोकाठ भरलेली पाण्याची टाकी. पुढे उशा.

"सगळं जड सामान मागे कुणी सुचवलं?"

"वास्तुशास्त्र," मालक अभिमानाने म्हणाले. "ओटा आग्नेयेला आणि पाणी ईशान्येला. ट्रेलर आमचा पश्चिमेकडे तोंड करून उभा असतो ना, बाळकुमला."

मी विचारलं, "आणि माळशेजच्या रस्त्याला वळलात की?"

मालकांनी चांगल्या हाताने हवेत एक वळण घेऊन पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर दिशा फिरताना मला दिसत होत्या. "तो विचार," ते हळूच म्हणाले, "राहिला."

मग बाईंनी वाटी पुसून काढली. शेजारीच आणून ठेवलेल्या मोटारीचा गोळा वाटीपेक्षा लहान होता, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेले. गाडीला जोडून ठेवायच्या जाड साखळ्या आत पिशवीत नव्याकोऱ्या. आणि ग्रीसच्या चिखलाखाली पिनेच्या भोकात पिनेचा दांडा तसाच अडकलेला होता. डोकं तेवढं साखळीच्या कडीतून तुटून पडलं होतं. पिन कुणी काढलेली नव्हती. झोक्यांबरोबर वाटी उसळली आणि पिन मोडली.

कायद्याच्या दृष्टीने कोळी सुटला. पण पहाटे तो तिथे वाकला का होता, हे राहिलंच. ते कळल्याशिवाय संशय गल्लीतून जाणार नव्हता. आणि पंचनाम्यात मीच लिहिलेली एक ओळ मला टोचायला लागली होती : 'हुकावर ताजं कुंकू व नारळाची शेंडी दिसून आली.' मालकांची पूजा असेल म्हणून मी ती सोडून दिली होती.

"हुकावर नारळ तुम्ही फोडलात?"

"छे! आम्ही श्रीफळ वाढवलं ते मोटारीच्या बॉनेटसमोर, संकुलाच्या फाटकात."

मी कोळ्याला पुन्हा बोलावलं. या वेळी त्याच्याबरोबर आईही आली. नऊवारी, अंबाड्यात अबोलीचा गजरा. बोलावलं नव्हतं तरी समोरच्या खुर्चीवर बसली.

"नारळ कुणी फोडला रे?" मी विचारलं.

त्याचे कान लाल झाले. तो छताकडे बघायला लागला.

"त्यो नाय सांगनार," आई म्हणाली. "अख्खे गल्लीसमोर बोल्ला, त्याचे गारीकरं मी बगनार पन नाय. आता कंचे तोंडानी सांगल?"

"आये, गप ना!"

"तू गप! साहेब, आमचे दारानशी पयल्यांदा होरी निंगली का तिचे नालंवर नारल फोरतात." नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. "ही पन आमचेच दारानशी निंगाली. चाकांची असली म्हनून काय झाला? मीच याला धारला, जा म्हनला, कोनी उठायचे आधी फोरून ये."

"अहो, पण भांडण होतं ना त्यांच्याशी?"

"भांडान जागेचा होता. मानसा सुखरूप परत यावी, यात कसला भांडान?"

मुलगा खाली बघत पुटपुटला, "नारल फोरला, पाया परलो. म्हनून वाकलेलो." तीस वर्षांच्या नोकरीत मी खून कबूल करणारे पाहिले, पण इतका ओशाळलेला कबुलीजबाब ऐकला नव्हता.

मालक बाहेरच्या बाकावर होते. त्यांना आत बोलावून सगळं सांगितलं. ते कोळ्याकडे बघून म्हणाले, "अरे, मग सांगायचंस ना!"

"भांडान चालू होता ना," तो म्हणाला.

यावर मालक आधी हसले, मग डोळे पुसायला लागले. एकच हात चांगला होता, त्यामुळे चष्मा सांभाळताना त्यांची धांदल उडाली. तो चष्मा कोळ्याने धरला. तिथल्या तिथे मालकांनी पुरवणी जबाब दिला, की माझा या इसमावर कोणताही संशय नाही. मी पडताळणीच्या कागदांवर सही केली. म्हातारी म्हणाली, "साहेब, घरी या. निवट्यांचा कालवन करीन." खाडीच्या चिखलातल्या त्या माशांचं कालवण मी खाल्लं. लाच म्हणू नका, सही आधी झाली होती.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. चोरून वाईट करणारा आणि चोरून चांगलं करणारा, लांबून दोघेही सारखेच दिसतात. दोघेही पहाटे वाकलेले असतात. फोन करणाऱ्या जागरूक नागरिकाने पाहिलं ते खरंच होतं, पिन तेवढी त्याने मनाने काढली. फक्त तो जवळ गेला नाही. पोलिसाचं काम जवळ जायचं. गरज पडली तर पायरीवर बसायचं.

मालकांनी पुढे ट्रेलर नव्याने करून घेतला. ग्रॅनाइट गेलं, ओटा पुढे आला, पाण्याची टाकी लहान झाली. ओढायला दणकट गाडी घेतली, गोळा आणि वाटी मापाची, साखळ्या जोडलेल्या. निरीक्षक बाईंनी स्वतः नाक उचलायचा प्रयत्न केला आणि ते हललं नाही तेव्हा मान डोलावली. जागेचाही तंटा मिटला. जाळी दोरीवर आणि ट्रेलर जाळ्यांच्या सावलीत.

दुसऱ्या सफरीला आम्हा नवराबायकोला निरोप द्यायला बोलावलं होतं. कोळ्याचं जहाज पुढच्या आठवड्यात निघणार होतं. त्याने भर सकाळी, सगळ्या गल्लीसमोर हुकावर नारळ फोडला. मोठ्याने फोडला, कुणाला ऐकू गेला नाही असं व्हायला नको म्हणून. म्हातारी खोबरं वाटत होती. सगळे ट्रेलरमागे फोटोला उभे राहिले. मला फोटोत जरा उठून दिसायचं होतं, म्हणून मी मागच्या पायरीकडे वळलो आणि बसायला वाकलो.

बायकोने मागून सदरा धरला.

"अहो, उभेच राहा. वाटेत काही झालं तर तुम्ही परत त्या बिचाऱ्यालाच चौकशीला बोलवाल, आणि त्याचं जहाज चुकेल."