नो ट्रोलिंग म्हणजे काय, ते आज कळलं

मंडळी, आज जाम जळतोय, म्हणून इथेच ओकून टाकतो.

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या मंदारला बास मासा पकडायला मीच शिकवलं. आज डेव्हनच्या किनाऱ्यावरच्या मासेमारी स्पर्धेत आम्ही एकाच बोटीवर होतो. इंजिन बंद ठेवून गळ थेट तळापर्यंत सोडायचा आणि हळूहळू वर घ्यायचा, ही खोल पाण्यातली युक्तीसुद्धा माझीच. मासा लागला मात्र त्याला.

नियमांच्या कागदावर ‘नो ट्रोलिंग’ लिहिलं होतं. मला वाटलं, एकमेकांची खेचायची नाही. म्हणून दातओठ खात गप्प बसलो.

बोट जागा बदलत असताना माझा गळ पाण्यातच राहिला होता. त्याला बास लागला, मंदारच्या माशापेक्षा चांगला दोन सेंटीमीटर लांब.

पंच म्हणाला, “हे ट्रोलिंग आहे. मासा बाद.”

मी तावातावाने म्हटलं, “सकाळपासून मी त्याला एक शब्दही बोललेलो नाही.”

अख्खी बोट हसली. वर मंदारनेच मला समजावलं, “अरे, चालत्या बोटीमागे गळ ओढणं म्हणजे ट्रोलिंग.”

आत्ताच त्याने ट्रॉफीचा फोटो टाकलाय. खाली लिहिलंय, ‘माझ्या गुरूला अर्पण.’

स्पर्धा तर संपली. आता त्या फोटोखाली ट्रोलिंग चालेल ना?