मानपुरची सीताफळं आणि माझं वाकडं तोंड

मानपुरहून ह्यांच्या मौसींचा फोन आला तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. पण आमचे हे स्पीकरवर ओरडले, "आ रहे हैं मौसी!" झालं. ठरली ट्रिप.

माझं रडगाणं आधी सांगते. मागच्या वर्षी नाताळच्या प्रॅक्टिसमध्ये लकव्याने उजवा गाल लुळा पडला. इंदूरच्या आमच्या मराठी चर्चच्या क्वायरमध्ये मुख्य आवाज माझा. औषधं, व्यायाम, प्रार्थना, सगळं झालं. तोंड थोडं वाकडं राहिलंच. ओठ नीट मिटत नाहीत, म्हणून 'प्रभू' म्हणायला गेले की नुसती हवा! आणि भजनात दुसरं असतं काय? वर्षभर गायलेच नाही. आता मौसींच्या घरच्या उपासनेत साक्ष द्यायची होती, म्हणजे देवाने संकटात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. आमच्याकडे साक्षीचा शेवट ठरलेला: 'आणि मी बरी झाले, आमेन.' माझ्याकडे तो शेवटच नव्हता.

शनिवारी सकाळी पोहे-जलेबी हाणून स्कूटर काढली. चाळीसेक किलोमीटर, आरामात दीड तास. महूपुढे ट्रक फार, तेव्हा घाई करू नका. दिवाळीच्या सुमारास मानपुरजवळ सीताफळांच्या टोपल्या लागतात. भाव करा, विकणारे भिया पहिल्यांदा उगाच चढवून सांगतात. आम्ही उभ्याउभ्याच खाल्ली. मी बी डावीकडे थुंकले, ती उजवीकडून सुटून थेट ह्यांच्या चष्म्यावर!

"निशाणा सुधरतोय हां तुझा," हे म्हणाले.

मौसींच्या खोलीत वीसेक माणसं सतरंजीवर. मी तोंडावर ओढणी धरून उभी राहिले आणि सरळ थाप मारायला निघाले, "प्रभु ने मुझे पूरा..."

"बेटा, चुन्नी हटा," मौसी म्हणाल्या. "कुछ समझ नहीं आ रहा."

हटवली. मग खोटं बोलवेना. म्हटलं, ठीक नहीं हुई. चाय अभी भी गिरती है. देवावर इतकी चिडले की महिनाभर प्रार्थना केली नाही. पण क्वायर सोडून चर्चच्या मागच्या बाकावर बसल्यावर पहिल्यांदा बाकीच्यांचं गाणं ऐकलं. आधी मला फक्त माझंच ऐकू यायचं. चहाचं ऐकून सगळे हसले, मीही हसले. फार हलकं वाटलं हो!

"तो अब गा," मौसींचा हुकूम.

गायले. 'प्रभु' आलं आणि फुस्स! तेवढ्यात अख्ख्या खोलीने तो शब्द म्हटला. पुढच्या ओळीतही. तिसऱ्यांदा मी मुद्दाम थांबले, बघू तर म्हणून. म्हटलाच त्यांनी. मला रडूच आलं.

मौसींनी वर टोपलीभर सीताफळं बांधून दिली. जाणाऱ्यांनो, पिशवी मोठी न्या.

रविवारी इंदूरला क्वायरच्या कडेला उभी राहिले. इथे कोणाला काही सांगितलं नव्हतं. पहिल्या कडव्यात 'प्रभू' आलं, माझी हवा गेली, आणि मागच्या बाकावरून एकच आवाज आला: बेसुरा, अर्धी मात्रा आधी, भलताच मोठा. आमचे हे! पाळकसाहेबांसकट सगळं चर्च वळून बघायला लागलं.

दुसऱ्या कडव्याला ह्यांच्याबरोबर अख्खा बाक होता. मी तोंडभर हसले. वाकडंच हसले असणार. ओढणी खांद्यावरच राहिली.