गोठ्यातली मंद मोटर

केशरबाईच्या निम्म्या वाती वळून झाल्या होत्या, निम्मा कापूस अजून मांडीवर होता. तेवढ्यात आश्रुबा आत आला आणि त्यातला मूठभर कापूस उचलून चालता झाला.

"अवं, देवाचा हाय त्यो!"

"मग मशीनला काय भुताचा आणू? हेड पुसायचंय."

नवऱ्याचं अगदीच खोटं नव्हतं. टेपमध्ये ज्या चकचकीत तुकड्याला घासून फीत पुढं सरकते त्याला हेड म्हणतात, हे आता केशरबाईलाही पाठ झालं होतं. त्यावर धूळ बसली की आवाज घोंगडी पांघरून बोलल्यासारखा येतो. मग स्पिरिटात कापूस बुडवून ते पुसायचं. आणि धुळीला तर त्या वर्षी तोटाच नव्हता. पाऊस सोडून सगळं आभाळातून येत होतं. त्यामुळं केशरबाईचा कापूस मारुतीपुढं थोडा आणि टेपपुढं जास्त जळत होता.

टेप होता मागच्या गोठ्यात. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी कडबा संपला, म्हैस दूध सोसायटीच्या चारा छावणीत गेली आणि गोठा रिकामा पडला. दुसऱ्या कुणी त्यात सरपण भरलं असतं. आश्रुबानं भिंतींना साखरेची रिकामी पोती ठोकली, पोत्यांवर केशरबाईच्या माहेरच्या गोधड्या टांगल्या आणि दारावर चुन्यानं लिहिलं, 'रेकॉर्डिंग सेंटर'. गव्हाणीवर फळी टाकून मशिनी मांडल्या. शेणाचा वास तेवढा गेला नाही. गाणाऱ्या बाया नाकाला पदर लावून गायच्या, आणि मग आवाज नाकातून का येतो म्हणून आश्रुबा त्यांनाच रागवायचा.

मशिनी दोन, दोन्ही जुन्या. नांदूरघाटच्या आसाराम बँडवाल्याकडून आणलेल्या. दुष्काळात लग्नं निघेनात, निघाली तर वाजंत्री परवडेना, म्हणून आसारामनं सामान विकायला काढलं होतं. एक सिंथेसायझर, त्याला केशरबाई 'बिनभात्याची पेटी' म्हणायची. दुसरा हा टेप. पेटीच्या कितीतरी पट्ट्या मुक्या होत्या. आश्रुबानं ती उलटी करून खोलली, पट्ट्यांखालच्या रबराच्या बोंड्या स्पिरिटानं पुसल्या, पेन्सिलीचं शिसं त्यांच्यावर घासलं, तशा एकेक करत बहुतेक बोलायला लागल्या. दोन मात्र मेल्या त्या मेल्याच. तेव्हापासून त्या गोठ्यात कुणाचंही गाणं त्या दोन सुरांना वळसा घालूनच जायचं.

"आन टेपाचं काय?" घेताना आश्रुबानं विचारलं होतं.

"मोटर बदललीय म्या. दुसऱ्या टेपाची टाकलीय," आसाराम म्हणाला. "नव्यासारखा हाय."

नव्यासारखा असल्याची पहिली परीक्षा सासऱ्यांनी घेतली. धोंडीबुवा, म्हणजे आश्रुबाचे वडील, गोठ्यालगतच्या मारुतीच्या देवळात रोज सांजेचं भजन सांगायचे. पुढं त्यांचा आवाज, मागं सारा गाव. खोकला वाढला तसं पोरानं त्यांना माइकपुढं बसवलं आणि कॅसेटीच्या दोन्ही बाजू भरून भजन उतरवून घेतलं. त्याच हिवाळ्यात म्हातारा गेला. जाताना मुलाला काही म्हणाला नाही. सुनेला म्हणाला, "केशर, सांजेचं भजन मोडू नगंस."

केशरबाईनं मान हलवली, आणि तिच्या जिवाला तेवढं एकच काम लागलं. गावातले निम्मे गडी दिवाळीला ऊसतोडीला जायचे, उरलेले छावणीत जनावरांपाशी. देवळात उरायच्या बाया. म्हणून आश्रुबानं गोठ्यातून देवळाच्या भोंग्यापर्यंत वायर ओढली. दिवेलागणीला टेप लागायचा, भोंग्यातून धोंडीबुवा सांगायचे आणि बाया मागं म्हणायच्या. माणूस गेला तरी भजन चालू राहिलं. केशरबाई रोज कॅसेटीला हळदकुंकू लावायची. फितीला लागू नये म्हणून आश्रुबा रोज ओरडायचा.

स्टुडिओचंही बरं चाललं होतं. लग्नाची गाणी, डोहाळ्याची गाणी. आश्रुबाच्या टेपात म्हातारीचा आवाज तरणा होतो, असा पंचक्रोशीत लौकिक पसरला. दगडाबाई, शेजारची, तोंडात दात नसलेली, तिनं गायलेली कॅसेट लेकीच्या सासरी वाजली तर जावयानं विचारलं, ही पोरगी कोण? आश्रुबा त्याचं श्रेय पेन्सिलीच्या शिशाला द्यायचा. बाजारातून आणलेल्या कॅसेटी मात्र घरी लावल्या की बुवामंडळी जड, गंभीर गायची. शहरातली माणसं, तूप खात असतील, असं केशरबाईनं ठरवून टाकलं होतं. कुणाला कशाचा संशय आला नाही.

तो यायला दूध सोसायटीची निवडणूक यावी लागली.

गावात चहापुरतं दूध मिळायचं नाही, पण सोसायटी ताठ उभी होती. चेअरमन अर्जुनराव पुन्हा उभे होते, आणि ह्या खेपेला त्यांना जीपवर कॅसेट हवी होती. छावणी सोसायटीची, छावणीत आश्रुबाची म्हैस. तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. अर्जुनराव गोठ्यात आले, गव्हाणीपाशी उभं राहून घसा खाकरला आणि सभासद बंधूभगिनींना भारदस्त आवाजात हाक मारली. मागं आश्रुबानं बिनभात्याच्या पेटीवर नगारे वाजवले. लावून ऐकलं तर झकास.

"काय बे आश्रुबा, वाघ वाटतोय का न्हाई?"

"वाघच, साहेब."

दुसऱ्या दिवशी जीप वेशीतून आत आली, आणि सारा गाव कामं टाकून दारात उभा राहिला. जीपमधून एक चिमणी सभासद बंधूभगिनींना हाक मारत होती. आवाज अर्जुनरावांचाच, पण शाळेतल्या पोरीनं धडा घडाघडा म्हणावा तसा बारीक आणि घाईचा. नगारे टिमक्या झाले होते. पोरं जीपमागं पळाली. टँकरच्या रांगेतल्या बाया हंडे खाली ठेवून हसल्या. दगडाबाई म्हणाली, "आगं बया, चेरमनला तर मिसरूडबी फुटलं न्हाई अजून!"

अर्जुनरावांनी जीप थांबवली, कॅसेट ओढून काढली आणि तिची सगळी फीत उपसून बाभळीवर फेकली. ती तिथं कितीतरी दिवस वाऱ्यावर चकाकत लोंबत होती. मग ते आश्रुबाच्या दारात आले.

"मला बायकू केलं बे तू साऱ्या गावात! मशीन नीट कर, न्हाईतर तुजी म्हैस ने सोडून."

आश्रुबानं त्याच दुपारी टेप पोत्यात गुंडाळला आणि बसनं नेकनूर गाठलं. बाजारपेठेत म्हाळूचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. म्हाळूनं झाकण उघडलं, एक कॅसेट लावली, कान दिला आणि म्हणाला, "ही मोटर लई दमानं फिरती. तू दमानं भरतोस, दुसऱ्याच्या टेपावर ती जोरात पळती. तुझ्या घरी तुला कळणार कसं?" त्यानं जुनी मोटर काढून डब्यात टाकली आणि बरोबर वेगाची बसवून दिली. म्हातारीचा आवाज तरणा का व्हायचा, ते आश्रुबाला बसमध्ये परत येताना उमगलं. घरी आल्यावर हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

अर्जुनरावांचं भाषण नव्यानं भरलं गेलं. जीपवर अगदी त्यांच्याच घोगऱ्या आवाजात वाजलं. आश्रुबा सुटला.

आणि दिवेलागणीला केशरबाईनं कॅसेटीला कुंकू लावून बटण दाबलं.

भोंग्यातून धोंडीबुवा आले, पण पळत आले. आवाज इतका बारीक की बायांना आधी वाटलं दुसरीच कॅसेट लागली. टाळ वाजायच्या आत ओळ संपायची. बाया पहिल्या ओळीवर, तोवर बुवा तिसरीवर. दगडाबाईनं टाळ खाली ठेवले. "धोंडीबुवाच्या मागं वाघ लागलाय का गं, केशर?"

हसू फुटलं, आणि मारुतीसमोर हसलो म्हणून सगळ्याजणी पुन्हा गप्प झाल्या. केशरबाई गोठ्यात टेपापाशी धावली, बटणं दाबून पाहिली. मामंजी पळतच राहिले. शेवटी तिनं टेप बंद केला, पदर खोचला आणि देवळात येऊन स्वतः पुढं उभं राहून चाल धरली. पण आयुष्यभर मागं म्हणायची सवय. दोन कडव्यांत ती दळणाच्या गाण्यावर घसरली, आणि बाया भक्तिभावानं तिच्यामागं जात्यावर जाऊन बसल्या.

त्या संध्याकाळी भजन मोडलं. दुसऱ्या संध्याकाळी निम्म्याच बाया आल्या.

"आवाज बिघडला कशानं?" केशरबाईनं नवऱ्याला भाकरी वाढता वाढता विचारलं.

"बिघडला न्हाई. मशीन नीट झालं."

"नीट झालं म्हंजी?"

आश्रुबानं अखेर सांगितलं. म्हाताऱ्याचा आवाज मंद मोटरीवर भरलेला, म्हणून मंद मोटरीवरच खरा लागणार. केशरबाईनं ऐकून घेतलं आणि टोपलं बाजूला सरकवलं.

"मग ती परत बसवा की."

"आन चेअरमनची भाषणं? रोज नवं भरायचंय त्यांना. निवडणूक होऊ दे, मग बघू."

"मामंजींनी काय निवडणुकीपस्तोर सुट्टी दिली का भजनाला?"

"म्हैस दारात आणून बांधली तर काय घालशील तिला? गोधड्या?"

केशरबाईनं टोपलं उचलून ठेवलं. देवासमोर बसली तरी मनात मोटरच फिरायची. म्हशीनं उपाशी राहावं असं मागणं मागायचं नाही आणि भजन मोडू द्यायचं नाही, ह्या दोन्हींच्या मधली जागा देवालाच दाखवायची होती.

देवानं ती दाखवली, पण आडवळणानं. नीट आवाजातली जीप रोज गावात यायची आणि कुणी मान वर करायचं नाही. पोरं गोट्या खेळत राहायची. टँकरच्या रांगेतल्या बाया रांगेतच भांडायच्या. समोरच्या पॅनलवाले पारावर बसून म्हणायचे, पहिल्या दिवशीचा चेअरमन बरा होता, निदान ऐकावासा तरी वाटायचा.

एके दुपारी अर्जुनराव एकटेच आले. जीप वेशीबाहेर ठेवून. पायरीवर बसले, पाणी मागितलं, अर्धा तांब्या प्यायले.

"आश्रुबा, भाषणात कायतरी कमी पडतंय का बे?"

"न्हाई साहेब. स्पष्ट ऐकू येतंय."

"स्पष्ट येतंय. पण ऐकतंय कोण? काल एक कुत्रंसुदिक भुंकलं न्हाई."

केशरबाई चौकटीआड वाती वळत होती. आता बोलावं की नाही, हा विचार तिनं एक वात वळेपर्यंत केला.

"दादा, बोलू का? पयल्या दिशी लई गर्दी व्हती तुमच्यामागं."

"हसाया व्हती वैनी ती."

"हसाया का व्हईना. पन उंबऱ्याभाईर आली व्हती. वैरणीचं काय बोलला, टँकरचं काय बोलला, सारं आमाला पाठ हाय अजून. आत्ताचं येक बी आठवंना."

हे खरं होतं, शब्दन् शब्द खरं. पोरं अजून गल्लीत बारीक आवाज काढून सभासद बंधूभगिनींना हाका मारत होती. पण आपण हे सांगतोय ते चेअरमनच्या भल्यासाठी नाही, हे केशरबाईला ठाऊक होतं आणि मारुतीलाही. आश्रुबानं तिच्याकडं असं पाहिलं, जणू म्हैस दारात बांधली गेलीच.

अर्जुनरावांनी उरलेलं पाणी संपवलं. मिशीवरून हात फिरवला. गल्लीत कुणी नाही ना ते पाहिलं.

"ते पयल्यासारखं व्हईल का बे?"

"कसं म्हन्ता?"

"आरं, त्ये… बारीक. आन हे बघ, म्या सांगितलं म्हनून कुणाला सांगू नगंस. मशीन पुन्यांदा बिघडलं म्हनायचं. माणूस गरीब हाय, मशीन जुनं हाय, त्याला काय करणार, असं म्या लोकांत म्हनंन."

"पर ती मोटर म्हाळूकडं राह्यली, साहेब. त्यानं दुसऱ्याच्या टेपात घातली असंल तर…"

हे केशरबाईला सुचलंच नव्हतं. सासऱ्यांचा आवाज कुठल्यातरी परक्याच्या टेपात जाऊन बसला असेल आणि तिथं कुणाची तरी लग्नाची गाणी जड, गंभीर करत असेल.

"मग बघून ये की बे! उद्याच जा."

"उद्या छावणीत माजी पाळी हाय. तुमीच लावलीय, साहेब."

अर्जुनराव काही बोलायच्या आत केशरबाई चौकटीबाहेर आली. हातात वातींचा पुडा होता. त्यातला न वळलेला कापूस तिनं वेगळा काढला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"हे घ्या. हेड पुसून ठिवा. मी जाती."

"तुला मोटर वळखू येईल का?" आश्रुबानं विचारलं.

"कॅसेट नेती की संगट. जिच्यावर मामंजी दमानं बोलतील ती आपली."

अर्जुनरावांचं हसू येता येता राहिलं, कारण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. ते उठले, वेशीकडं निघाले, आणि जाता जाता मागं वळून एवढंच म्हणाले, "वैनी, लवकर आणा. मतदान जवळ आलंय."

केशरबाईनं कॅसेट धुतलेल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. त्या सांजेला ती देवळात एकटीच गेली आणि चाल चुकत चुकत का होईना, भजन म्हणून आली. सकाळच्या बसनं नेकनूरला जायचं आणि म्हाळूच्या डब्यातून जुनी मोटर परत आणायची.